भावाची काळी आकृती

तालमीतल्या तांबड्या मातीचा वास आला की मला ती पावसाळी दुपार आठवते. कुस्त्यांच्या पत्रिकेसाठी पैलवानाची काळी आकृती हवी होती, म्हणून मी थोरल्या भावाचा शड्डू ठोकतानाचा फोटो प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, मागचं सगळं काढलं आणि उजेड पार खाली ओढला. डोळे, मिशा, हसू काळ्यात बुडालं. भाऊ सकाळीच मुरगूडला गेलेला, रस्त्यावर नदीचं पाणी आलेलं आणि त्याचा फोन लागत नव्हता. चहा घेऊन आलेली आई स्क्रीनसमोर थबकली. "त्याचं तोंड कुठं हाय?" "अगं, नुसतं चित्र हाय." "जित्या माणसाला असं काळं करत न्हाईत. आदी त्याला परत आण." मी हसत मागं जायचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर अडकला. पुन्हा दाबलं. काळा भाऊ तसाच उभा. मी बटण दाबतच राहिले. आई फोन लावतच राहिली. अंधारायच्या सुमाराला दारात गाडी वाजली. "वाढ की, भूक लागल्या," चिखलानं माखलेला भाऊ म्हणाला. आई त्याचा चेहरा चाचपत होती, आणि तिच्यामागं स्क्रीनवर तो अजून काळाच होता. आता अशी आकृती लागली की मी स्वतःचाच फोटो काळा करते, पण आधी आईला दिसू नये म्हणून दाराला कडी लावते.