कौसाबाईंची वरणाची बादली

"मॅडम, कौसाबाई पडल्या. हातात वरणाची बादली होती."

फोनवर वसतिगृहाचे अधीक्षक होते. मी पहिल्यांदा विचारलं, "कोणाला भाजलं का?"

"त्यांच्याच पायावर थोडं उडालं. पोरी लांब बसल्या होत्या म्हणून वाचल्या. पण तुम्हीच लिहून दिलं होतं ना, बराबर चालतात म्हणून?"

लिहून दिलं होतं, हे खरं होतं.

वीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. कौसाबाई घनसावंगीजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. वय पन्नाशीचं, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गावाकडे एक भाऊ. डाव्या अंगाला लकवा मारला आणि त्या आमच्याकडे आल्या. तीन महिन्यांत त्या काठी टाकून चालू लागल्या. माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांचं चालणं मी तपासलं, जिना चढवून पाहिला आणि कामावर जायला हरकत नाही असं लिहिलं. पंधरा दिवसांत हा फोन आला.

"मी दुसरी बाई बघतो," अधीक्षक म्हणाले. "उद्या एखाद्या पोरीच्या अंगावर सांडलं तर मी काय उत्तर देऊ?"

त्यांचं चूक नव्हतं. मी म्हटलं, "आधी मला येऊन बघू द्या."

दुसऱ्या दिवशी मी बसनं घनसावंगीला आणि तिथून जीपनं वसतिगृहात गेले. स्वयंपाकघरापासून जेवणाच्या हॉलपर्यंत वीसेक पावलं, मधे एक उंबरा. फरशी कोरडी. कौसाबाई रिकाम्या हातानं चालल्या, ठीक. उजव्या हातात गार पाण्याची बादली घेऊन चालल्या, तरी ठीक. पाय उचलला जात होता, तोल सुटत नव्हता. तिसरी फेरीही तशीच. मला काही उमगेना.

चौथ्या फेरीला आतून सुमननं, म्हणजे त्यांच्या जोडीच्या स्वयंपाकिणीनं, विचारलं, "मावशी, भाजीत मीठ टाकलं का हो?"

कौसाबाई "टाकलं की" म्हणाल्या आणि डावा पाय उंबऱ्याला अडकला. मी दंड धरला म्हणून त्या सावरल्या.

मग मी मुद्दाम प्रश्न विचारत त्यांच्या शेजारून चालले. काल भाजी कोणती होती? तुमचं माहेर कोणतं? दर वेळी त्या एकतर जागेवर थांबत, नाहीतर पाय घासत.

"मला कोणी बोललं की पायाचा इसर पडतो, म्याडम," त्या हळूच म्हणाल्या. "तवाबी एका पोरीनं हाक मारल्ती."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठं इचारलं?"

आपण चालतो तेव्हा चालण्याकडे लक्ष देत नाही. पाय आपोआप पडतात, डोकं बोलायला मोकळं असतं. लकव्यानंतर बऱ्याच जणांचं चालणं परत येतं, पण ते आपोआप होत नाही. प्रत्येक पावलाला लक्ष द्यावं लागतं. त्यात कोणी प्रश्न विचारला की लक्ष दोन ठिकाणी वाटलं जातं आणि एक काम कोलमडतं. यावर एका वेळी दोन कामं करण्याचा सराव देतात, त्याला आमच्याकडे ड्युअल टास्क ट्रेनिंग म्हणतात. मी त्याबद्दल वाचलेलं होतं. पण कौसाबाईंना तपासलं तेव्हा खोलीत मी आणि त्या दोघीच होतो, आणि मी गप्प होते.

अधीक्षकांना मी सगळं समजावलं आणि दीड महिना मागितला.

"एक महिना," ते म्हणाले. "तोवर त्यांनी भाज्या निवडाव्या. बादलीला हात लावायचा नाही."

बाहेर आल्यावर कौसाबाईंनी विचारलं, "न्हाईच जमलं तर?"

"भावाकडे राहाल ना?"

"राहीन की. भाऊ दोन घास घालीन. पण इथं शंभर पोरी दिवसभर मावशी मावशी करून राह्यल्या. तिथं मला कोण हाक मारीन?"

आठवड्यातून दोनदा त्या जालन्याला येऊ लागल्या. मी पुस्तकात दिलं होतं तसं सुरू केलं. चालता चालता शंभरातून सात सात वजा करायचे. दोन वजाबाक्या झाल्या आणि त्या थांबल्या.

"शंभरातून सात कशाला काढू? शंभर पोरीला वरण किती लागतं ते इचारा."

मी पुस्तक मिटलं. चालता चालता त्या शंभर जणींच्या वरणाला डाळ किती, हळद किती, फोडणीत आधी काय, ते सांगू लागल्या. हातात आधी रिकामं ताट, मग ताटात पाण्याचा पेला, मग अर्धी बादली. खोली सोडून आम्ही बाहेर ओपीडीच्या गर्दीत आलो. मी दाराशी एक लाकडी फळी टाकली, उंबरा म्हणून. बाकीच्या दिवशी वसतिगृहात सुमन त्यांचा सराव घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात फळीपाशी एका नर्सनं हाक मारली आणि कौसाबाई बादलीसकट खाली बसल्या. लुगडं भिजलं. लोक बघत होते.

"आज राहू द्या," मी म्हटलं.

"न्हाई. बादली भरा."

त्या दिवशी माझ्या एक लक्षात आलं. कठीण वेळ आली की त्या उत्तर सांभाळत होत्या आणि पायावरचं लक्ष सोडत होत्या. शक्ती वाढवून हे सुटणार नव्हतं. आधी काय सोडायचं, ते शिकवायला हवं होतं.

"सपाट जागेवर बोला. उंबऱ्यापाशी कोणीही हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही. पाय आधी, बोलणं मागून."

"पोरीला वाटंल मावशीनं तोंड फिरवलं."

"वाटू द्या."

हे त्यांना सगळ्यात जड गेलं. पाय तीन महिन्यांत वळणावर आला होता. गप्प राहायला पुढचे सगळे दिवस लागले.

महिना भरला त्या दिवशी मी पुन्हा वसतिगृहात गेले. बादलीत गार पाणी होतं. मुलींना सांगितलं होतं की रोजच्यासारखाच गोंगाट करायचा. कौसाबाई निघाल्या. "मावशी, आज भात आहे का?" त्या चालता चालता "हाय" म्हणाल्या. उंबरा दोन पावलांवर आला. तेवढ्यात अधीक्षक मागून जोरात म्हणाले, "कौसाबाई, इकडं बघा जरा!"

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी पुढे धावणार होते, पण थांबले.

कौसाबाईंनी मान वळवली नाही. उजवा पाय उंबऱ्यापलीकडे गेला, मग डावा. हॉलच्या टोकाशी त्यांनी बादली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मग मागं वळून म्हणाल्या, "काय म्हन्ता, सर?"

अधीक्षक जरा ओशाळले. "काही नाही," म्हणाले. "उद्यापासून या कामावर."

मी एक अट घातली: गरम बादली अर्धीच भरायची आणि मोठं पातेलं दोघींनी मिळून उचलायचं. कौसाबाईंना ती आवडली नाही, पण त्यांनी पाळली. पुढं त्या चार वर्षं त्या स्वयंपाकघरात होत्या. डाव्या हाताची बोटं शेवटपर्यंत आखडलेलीच राहिली. पडल्या मात्र नाहीत.

पेशंट किती चालतो ते मोजणं सोपं असतं. तो कोणाच्या गलक्यात चालणार आहे, हे कागदावर सही करण्याआधी विचारावं. हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी कळलं, आणि तेही एका स्वयंपाकिणीचा पाय भाजल्यावर.