काकासाहेबांनी स्वतः लावलेला तिरकमठा

काकासाहेब पाटलांना खोटारडं म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून ते खरे. जाफराबादच्या पलीकडे पूर्णेकाठी त्यांचं गाव. तरुणपणी त्यांनी जे मारलं ते रानमांजर होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरी चावडीवर त्याचा बिबट्या होई आणि तो बिबट्या दर साली हातभर लांब होई. पानसुपारी पाटलांची असल्यामुळे ऐकणारे माना डोलवत.

गावात दसऱ्याचा एक मान होता. शिवेवरच्या आपट्याला कोहळा टांगायचा, पाटलानं तो तिरकमठ्यानं फोडायचा, मगच गावानं सोनं लुटायचं. बाण तीन. तिन्ही हुकले तर मान धाकट्या पातीकडे, म्हणजे चुलतभाऊ भुजंगरावाकडे. आजवर तसं कधी झालं नव्हतं, कारण टोपल्या विणणारा कचरू आठ दिवस आधी तिरकमठा लावून देई, आणि कचरूनं लावलेला तिरकमठा आंधळ्याच्या हातातही चुकला नसता. शेला काकासाहेबांच्या खांद्यावर पडे. कचरूला कुणी वळून बघत नसे.

फसली सन तेराशे चव्वेचाळीसच्या दसऱ्याआधी, पोळ्याच्या दिवशी, भुजंगरावानं मारुतीच्या पारावर काडी टाकली. "दादा, कमान कचरूची, बाण कचरूचा, तुमची निस्ती बोटं."

लोक हसले. काकासाहेबांनी तिथल्या तिथं मारुतीच्या पायरीवर हात ठेवला. "औंदा तिरकमठा माझा मी लावणार. दुसऱ्या कुणाचा हात लागला तं मान सोडला!" शपथ घेताना त्यांना विचार करायची सवय नव्हती. विचार ते नंतर करत, तोही दुसऱ्याकडून करवून घेत.

दुसऱ्या दिवशी कचरूला बोलावणं गेलं. शिकायचं तर होतं, पण शिकतोय हे दिसायला नको होतं. म्हणून ही शाळा गोठ्यामागं भरली.

"दोन्ही अंगं सारखी वाकली पायजेत, मालक. एक अंग ताठ राह्यलं तं बाण भरकटतो."

"ते मला ठावं हाये."

"ही दोरी म्हंजी आतड्याची तात. चढवल्यावर कमानीपासून एक मूठ आन् वर उभा आंगठा, इतकी दूर बसली पायजे. कमी भरली तं उतरवायची, पीळ द्यायचा, फिरून चढवायची."

"ते बी ठावं हाये."

"काम झालं की तात उतरून ठेवायची. चढवून ठेवली की कमान थकती. आन् पाण्याचं मातर..."

"कचऱ्या, पाटील मी हाये का तू?"

पाण्याचं राहून गेलं. कचरू मुंडासं सावरून टोपल्यांकडे गेला.

पण खरं ते सांगावं, माणूस राबला. उजवं अंग तासलं की डावं ताठ वाटे, डावं तासलं की उजवं. असं करता करता पुरुषभर उंचीचा बांबू दातकोरण्याच्या वाटेला लागे. दोन बांबू असे वाया गेले. बोटं कापली, ती रानडुकरानं फाडली असं घरात सांगितलं. तिसरी कमान जमली. पहिला बाण कडब्याच्या गंजीत खसकन रुतला, तेव्हा काकासाहेब गोठ्यामागं एकटेच टाळ्या पिटत नाचले. हे कुणाला सांगायची फार इच्छा झाली त्यांना. पण ही विद्या आपल्याला लहानपणापासूनच येते असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मग त्यांनी ती कमान, तात चढवलेली तशीच, सोप्यात खुंटीवर टांगली. आल्यागेल्यानं पाहायला नको? पंधरा दिवस ती तशीच ताणून पडली. पुढं खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा मांडताना झुंबरबाई, त्यांची बायको, म्हणाली, "औंदा शस्त्र तुमच्या हातचं हाये. निस्त्या हळदी-कुंकवावर भागवता व्हय?" तेव्हा दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं झालं, आणि वरून दोन तांबे पाणी खुद्द काकासाहेबांनी ओतलं. तात आतड्याची आहे, ती भिजली की सैल पडते, हे सांगणारा कचरू पूजेला बोलावलेला नव्हता.

दसऱ्याला शिवेवर गाव लोटलं. ताशा वाजला. काकासाहेबांनी पहिला बाण सोडला. तात मनगटावर फाडकन बसली आणि बाण दहा पावलांवर आडवा झाला. दुसरा वाकडा गेला आणि थेट ताशात घुसला. ताशा थांबला, तसं हसू जास्तच ऐकू यायला लागलं.

"कचऱ्यानं बिघडवली कमान!" काकासाहेब ओरडले.

भुजंगरावाला हेच हवं होतं. "म्हंजी कचरूचा हात लागला म्हना की. मंग शपथ मोडली, दादा. मान सोडा."

सगळ्या माना कचरूकडे वळल्या. तो वीस हात लांब, गर्दीच्या कडेला उभा होता. "न्हाई जी," तो म्हणाला, "मी बोट लावलं न्हाई. माझा हात लागला असता तं तात अशी लोंबली नसती."

मान वाचला आणि अब्रू गेली, दोन्ही एकाच वाक्यात. काकासाहेबांनी कमानीला मूठ लावून पाहिली. मूठच कशीबशी बसत होती, अंगठ्याला जागाच नव्हती. त्यांच्या कानशिलांवर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लोकांचा विसर पडला. फेटा, उपरणं, शुभ्र धोतर, सगळ्यासकट ते धुळीत बसले, तात उतरवली आणि पीळ द्यायला लागले. धूळ उडाली होती, कचरूला खोकल्याची उबळ आली. इकडे काकासाहेबांनी तात चढवून पाहिली, उतरवली, आणखी पीळ दिला, पुन्हा चढवली. मूठ बसली. अंगठा बसला. ते उठले, आणि तिसऱ्या बाणानं कोहळ्याच्या दोन फोडी झाल्या.

"मी लावला!" ते गरजले. "कुनाचा हात लागला न्हाई, माझा मी लावला!"

त्यांच्या तोंडून निघालेलं हे अक्षरन्‌अक्षर खरं होतं. लोकांनी नेहमीसारख्या माना डोलावल्या.

सोनं देताना भुजंगरावानं कडकडून मिठी मारली. "खोकल्याची खूण चांगली ठरवली व्हती दादा."

"कसली खूण?"

"माझा कारभारी बाजूला उभा राहून मोजून राह्यला व्हता की. कचरू बावीस वेळा खोकला, तुमी बावीस पीळ दिले. बराबर."

काकासाहेब कचरूवर धावले. "सांग रे यांना!"

"घशात धूळ गेल्ती जी," कचरू म्हणाला. "खूण बिलकुल न्हाई."

"पाटलाचं मीठ खातो बिचारा," लोक कौतुकानं म्हणाले.

खांद्यावर शेला घेऊन काकासाहेब घरी आले. झुंबरबाईनं ओवाळलं. मग त्यांनी तिला पाटावर बसवलं आणि सगळं सांगितलं. रानडुक्कर नाही, बिबट्या नाही, तीळभर वाढवलं नाही. तात कशी सैल होती, मूठ कशी लावली, भीती कशी वाटली, अंगठा बसला तेव्हा छातीत काय झालं. कचरूचा खोकला निव्वळ धुळीचा होता, हेही तीनदा सांगितलं.

झुंबरबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "व्हय व्हय," ती म्हणाली आणि उठली. "हळद-गूळ देते, कचरूकडं धाडा. खोकून खोकून घसा बसला असंल बिचाऱ्याचा."