झाडाला मच्छरदाणी

नागपुरात सगळं मिळतं, समुद्र सोडून. पण माझ्याशी लग्न करून रत्नागिरीहून आलेल्या सुशीलेला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं!

महिनाभरात ती पार कोमेजली. नीट जेवेना, बोलेना. "समुद्राच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही हो," एवढंच. त्यात तिच्या दादाचा निरोप आला, रविवारी न्यायला येतोय. गेली ती परतच आली नाही तर?

मी तडक सीताबर्डीच्या बाजारातून माशांची काचेची पेटी आणली. चार लाल मासे, खाली वाळू, तिने माहेरून आणलेला समुद्राचा दगड आणि दगडाच्या खाचेत खोचलेलं हिरवंगार पाणझाड. सुशीलेचा चेहरा उजळला. सकाळी पाहतो तर झाड वर तरंगतंय!

"बघा, त्यालाही इथे करमत नाही," ती म्हणाली.

मी पुन्हा खोचलं. ते पुन्हा वर.

"दगडाले कणिक लाव ना बाप्पा!" बाबांनी सल्ला दिला. (आमच्या घरी फुटक्या डब्यापासून पतंगापर्यंत सगळं कणकेनंच चिकटतं.) लावली. माशांनी कणिक फस्त केली. झाड वर आणि मासे सुस्तावून तळाला!

शनिवारी मला युक्ती सुचली. झाड दगडावर ठेवायचं आणि वरून जाळी बांधून टाकायची. जाळी कुठली? बाबांच्या मच्छरदाणीची! वीतभरच कापली, तीही पायाकडून. (डोक्यापर्यंत पोचेस्तोवर मच्छर दमतील, असा माझा अंदाज.)

रविवारी सकाळी दोघं एकदमच प्रकटले. दारातून दादा आणि मच्छरदाणीतून बाबा. बाबांचा एक डोळा सुजून बंद.

"काऊन बे, मच्छर आत घुसले अन् बाहेर एकही जाऊन नाही राहिला!" बाबा कडाडले. मग उघड्या डोळ्याने त्यांनी पेटी पाहिली. "अरे बाप्पा! बाप उघडा अन् झाडाले मच्छरदाणी?"

सुशीला हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मला इतकं बरं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं.

"निघायचं ना?" दादाने विचारलं.

"थांब रे! आधी बाबांच्या मच्छरदाणीला ठिगळ लावू दे. आणि ह्यांना एकटं सोडलं तर उद्या माझ्या शालूला कात्री लावतील!"

दादा संत्र्यांची टोपली घेऊन एकटाच परतला.

पुढे जाळी सोडली, तर झाडाने दगड घट्ट धरलेला. सुशीलेनेही नागपूर धरलं. बाबांनी नवी मच्छरदाणी घेतली आणि ठिगळाची आमच्याकडे आली. ते ठिगळ सुशीलेने मुद्दाम कच्चं शिवलं असावं, असा माझा संशय आहे. कारण मच्छर अजून तिथूनच शिरतात आणि त्या बाजूला आजवर मीच झोपत आलोय!