वळवून लावलेली गाडी

वकीलभाभींकडं कुणी आलं, की त्या लगेच ‘बसा’ म्हणत नसत. आधी खिडकीशी जात. मस्तगडच्या अरुंद गल्लीत, कापडाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. खाली गाडी कशी उभी आहे ते बघून त्या परत येत आणि मगच खुर्ची दाखवत. "बोलायला आलेला माणूस गाडी आली तशी लावतो," त्या म्हणायच्या. "निघायच्या तयारीनं आलेला आधी वळवून लावतो."

मारवाडी घर, पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात. म्हणून त्या सगळ्यांच्या भाभी. कोर्टातली त्यांची मराठी पुस्तकी, ऑफिसातली आमच्यासारखीच.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, नवऱ्याचं घर सोडून लहानग्या शिवाला घेऊन अंकुशनगरला आमच्याकडं आली, तेव्हा आमच्यातलं कुणी कोर्टात गेलेलं नव्हतं. बी. ए. झालेला घरात मी एकटाच, म्हणून मला सोबत पाठवलं. मी सगळं घोकून गेलो होतो. दोन वाक्यं झाली आणि भाभींनी हात वर केला. "तू पदवीधर, बराबर. पण लेकरू हिचं आहे. हिला बोलू दे." अक्का त्या दिवशी पहिल्यांदा सलग बोलली. बाईला सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. भाभी त्याच यादीवरच्या वकील होत्या.

बोलणं सुरू होण्याआधी त्या शिवाला आतल्या खोलीत आपल्या सासूबाईंकडं पाठवत. एकदा अक्का त्याच्यादेखत दाजींना, तिच्या नवऱ्याला, शिव्या द्यायला लागली. भाभींनी तिला तिथंच थांबवलं. "लेकरासमोर न्हाई. उद्या त्याला याच बापाकडं रविवारी जायचंय."

"भेटवायचंच कशाला?" अक्का म्हणाली.

"बाप आहे तो. लेकराला बाप लागतो. आपण फक्त लेकरू परत यायचा रस्ता पक्का करायचा."

शिवाच्या ताब्याचा अर्ज दाखल झाला, दाजींना नोटीस गेली. तिकडून ना फोन, ना भांडण. आम्हाला बरं वाटलं. भाभींना नाही. "शिव्या देणाऱ्याची मला भीती वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "हा गप्प बसून काय करून राह्यला, ते कळेना."

मग दाजींकडून निरोप आला. शिवाचं जावळ राहिलंय, आमच्या देवापुढं काढू, मामाची मांडी लागते, मामाला घेऊन या. आई विरघळली. भाभींनी कोर्टाच्या तारखेपर्यंत थांबायला सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, "देवाच्या कामाला वकील कशाला इचारायचा?"

निघताना मी भाभींना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एका बाईचं लेकरू नवऱ्यानं माझ्याच गल्लीतून पळवून नेलं. गाडी खाली वळवून लावली होती आन् मी वर अर्ज वाचत बसले होते. तू मांडी देशील ना? मंग केस काढून झाले तरी मांडी सोडू नको. बिलकुल न्हाई."

देऊळ वडीगोद्रीच्या पुढं, हायवेपासून आत, माळावर. न्हावी आला होता. दाजी होते, त्यांचे दोन भाऊ होते. मी शिवाला मांडीवर घेतलं आणि वस्तरा चालायला लागला. दाजी गोड बोलत होते. शिवाच्या केसांचे पुंजके माझ्या धोतरावर पडत होते. तेवढ्यात अक्का माझ्या कानाशी वाकली. "बायका कुठं हायेत रे? चूल बी पेटली न्हाई."

आमच्यात जावळाला बोकड पडतो, दहा घरच्या बायका भाकरी थापतात. इथं धूरसुद्धा नव्हता. मी मान वर केली. दाजींची जीप हायवेकडं तोंड करून उभी होती. ड्रायव्हर खाली उतरलेलाच नव्हता. मागच्या सीटवर लहान मुलाची नवी बॅग होती.

"द्या इकडं, आंघोळ घालतो," दाजी म्हणाले आणि त्यांनी शिवाचा दंड धरला.

"घालीन मी."

"आवो, तुमचं काम झालं आता."

"अर्धंच झालंय," मी म्हणालो आणि शिवाला तसाच खांद्यावर घेऊन उठलो. आई आणि अक्का पुढं झाल्या. वकील कशाला म्हणणारे वडील काठी आडवी धरून माझ्या मागं चालायला लागले. देवळाच्या पायरीवर मेंढरांमागची माणसं टेकली होती, ती बघत होती. म्हणूनच असेल, दाजी धावले नाहीत. नुसते म्हणाले, "अर्धं राह्यलंय. आज ना उद्या पुरं करावंच लागतंय."

तारखेला अर्ध्या डोक्याचा शिवा अक्काच्या कडेवर कोर्टात आला. भाभींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, केसाळ बाजूवरून आणि तुळतुळीत बाजूवरूनही. ‘सांगितलं होतं’ असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत, नंतरही कधी नाही. कोर्टाच्या हुकमानं शिवा आईकडं राहिला. बापानं एका आड एक रविवारी सकाळी न्यावं, संध्याकाळी आणून सोडावं. लेकराचं देणं-घेणं वडीगोद्री फाट्यावर, चहाच्या हॉटेलासमोर, हा भाभींचाच आग्रह.

गेल्या दिवाळीनंतर भाभी वारल्या. मस्तगडला गेलो तेव्हा त्यांची पाटी काढलेली होती. त्यांच्या सासूबाई आतून आल्या आणि आधी शिवा कसा आहे ते विचारलं.

फाट्यावर शिवाला न्यायला-आणायला मीच जातो. दाजींची जीप येते, हॉटेलाकडं तोंड करून थांबते, मी हात सोडतो. इतके रविवार असेच गेले.

या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा जीप आधीच आली होती. हायवेकडं तोंड करून, इंजिन चालू.

"मामा, जाऊ ना?" शिवानं हात ओढला.

"थांब."

दाजी हसत पुढं आले. मी शिवाचा हात मुठीत घट्ट धरला.

"दाजी," मी म्हणालो, "आधी गाडी हॉटेलाकडं तोंड करून लावा."

त्यांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी मान फिरवून ड्रायव्हरकडं पाहिलं. इंजिन बंद झालं नाही. मीही मूठ सोडली नाही.