चिमण्यांच्या वाटची कणसं

मिरजेहून नातीचा फोन आला, "आजी, गॅलरीत शाळूची कणसं बांधलीत, पण एक चिमणी येईल तर शपथ." मला माझं लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. परसात वळचणीला टांगलेली कणसं मी काढली, बडवली अन् दळून मोकळी झाले.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, चिमण्यांच्या वाटचं दळलंस व्हय? आता त्यास्नीच भाकरी घाल."

माहेरी धाडतात की काय, या भीतीनं मी भाकरी कुस्करून टाकली अन् उन्हात बसून राहिले. दुपार कलल्यावर एक चिमणी उतरली.

"माफ केलं बघ तिनं तुला," सासूबाई हसल्या. त्याही तोवर न जेवता दारात बसून होत्या, हे मला आत्ता उमगतंय.

नातीला म्हटलं, "थांब जरा बाळा. मीबी येते, दोघी बसू."