न वेचलेल्या अळ्या

पप्पांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा होती, त्या दिवशी संध्याकाळी घरात रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना चालू असताना तो आत आला.

आधी सगळ्यांना वटवाघूळ वाटलं. ट्यूबलाइटवर तो दोनदा आपटला, पप्पांच्या फोटोला घासून गेला आणि घरातल्या आल्तारावरच्या, म्हणजे वेदीवरच्या, पांढऱ्या कापडावर बसला. मागून कुणीतरी झाडू मागितला. आत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, पुढे झाली आणि कापडाचं टोक धरून त्याला झटकायला गेली. तेव्हा तो ओरडला.

कीटकाबद्दल असं लिहिणं बरोबर आहे का, मला माहीत नाही. पण दुसरा शब्द सापडत नाही. बारीक, चिरका आवाज होता, कुणीतरी बंद तोंडातून काहीतरी सांगू पाहावं तसा. आत्याने हात मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "भाऊ आहे माझा."

पुन्हा प्रार्थना सुरू झाली, पण आईचा आवाज त्यात नव्हता. ती माळेतला एकच मणी चिमटीत धरून बसली होती.

आमचं घर वसईजवळ उमेळ्याला आहे. तीन बाजूंनी इमारती आल्या आहेत, चौथ्या बाजूला आमची उरलेली वाडी. पप्पा दिवसा वालीवच्या एका कारखान्यात जायचे आणि सकाळ-संध्याकाळ वाडी करायचे. थोडी केळी, अळू आणि विहिरीजवळ वांग्याचे चार वाफे. ते आठवीपर्यंत शिकले, आई सातवीपर्यंत. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. माझा विषय प्राणिशास्त्र आहे. (घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती मला लिहिता येत नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं साध्या मराठीत लिहिते आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच होता. पंख मिटून बसलेला, माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, सुकलेल्या सालीच्या रंगाचा. मी जवळ गेले आणि मला पाठीवरचा चेहरा दिसला. डोकं आणि पंख यांच्या मधल्या भागावर फिकट पिवळी कवटी होती. दोन काळे डोळे, खाली जबडा. मी वर्गात कीटकांचे भाग पाठ केले आहेत, तरी मला एक पाऊल मागे घ्यावं लागलं.

मोबाइलवर काढलेला फोटो मी कॉलेजात मॅडमना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. हा हॉकमॉथ आहे, त्यातही डेथ्स हेड, म्हणजे पाठीवर मृत्यूचं डोकं वागवणारा. तो आवाज त्याच्या आखूड सोंडेतून हवा आत-बाहेर केल्यामुळे येतो. मधाच्या पोळ्यात शिरून मध पिणारा हा पतंग आहे. आपल्याकडे याच्या दोन जाती सापडतात, नक्की कोणती ते मागचे पंख पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. शेवटी त्या म्हणाल्या की आपल्या संग्रहाच्या पेटीत हा नाही, आणशील का? मी हो म्हणाले. मी फार लवकर हो म्हणते, हे मला नंतर कळतं.

घरी मी रिकामी बरणी घेऊन आल्तारासमोर उभी राहिले. आई स्वयंपाकघरातून आली.

"त्याला हात लावू नकोस."

तिने बशीत साखरपाणी घालून त्याच्यासमोर ठेवलं होतं. दिवेलागणीला तो आधी जागच्या जागी थरथरला, बराच वेळ, एखादा पंखा सुरू होताना थरथरतो तसा. मग उडून खिडकीतून गेला.

त्यानंतर आई रोज दिवे लागले की ती खिडकी उघडायची आणि समोर खुर्ची टाकून बसायची. डास यायचे. मी म्हटलं तर म्हणायची, येऊ देत. खिडकी लावेपर्यंत जेवायची नाही आणि मग म्हणायची, भूक गेली. आठवड्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा मी तिच्याजवळ बसले तेव्हा ती खिडकीकडेच बघत म्हणाली, "यांना काहीतरी विचारायचंय. त्याशिवाय असे आले नसते."

मला तिची भीती वाटली, आणि तिच्यासाठी भीती वाटली. पप्पा गेले, आता हिला त्या खुर्चीवरून उठवायचं कसं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वाटलं, हा कीटक आहे, कुठल्या अंड्यातून, कुठल्या झाडावरून, कुठल्या मातीतून आला हे मी तिला नीट दाखवलं तर ती उठेल. त्यासाठीच तर आपण शिकतोय, असंही वाटलं.

कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी वाचत गेले. मादी पानांच्या पाठीवर एकेक अंडं घालते. अळी वाढत वाढत बोटाएवढी जाड होते, अंगावर तिरपे पट्टे, शेपटीवर वाकडा, खरखरीत काटा. डिवचलं तर जबड्यांचा कट्-कट् आवाज करते. पूर्ण वाढली की खाणं सोडून जमिनीत शिरते, मातीत पोकळी करून कोष होते आणि काही आठवड्यांनी पतंग होऊन वर येते. अळीच्या खाद्यझाडांची यादी होती. तीळ, धोत्रा, पारिजातक, वांगं.

वांग्यापाशी मी थांबले. पुढच्या ओळी दिसत होत्या, पण वाचता येत नव्हत्या.

पप्पा जायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. ते पुढच्या खोलीत पडून होते. लिव्हरचं दुखणं होतं, अन्न जात नव्हतं. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, वाफे दिसत नाहीत. पण त्यांचं लक्ष तिकडेच असायचं. त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाय, वांग्यावर काट्याच्या अळ्या पडल्या असतील आता. वेचून घे. औषध मारू नकोस, हाताने वेच."

मी गेले होते. अर्धी पानं नुसत्या शिरा उरल्यासारखी झाली होती. एक अळी मी काडीने हलवली, तर तिने डोकं आत ओढून कट्-कट् केलं. मी काडी टाकून दिली. भीती हे एक कारण. दुसरं लिहायला जड जातं. कॉलेजात जायला लागल्यापासून वाडीत वाकून काम करताना इमारतींच्या गॅलऱ्यांतून कुणी बघेल याची मला लाज वाटायची. कुंपणापलीकडे माझ्या वर्गातली एक मुलगी राहते.

मी आत आले. पप्पांनी विचारलं, वेचल्यास? मी हो म्हटलं.

"किती निघाल्या?"

"सात."

ते हसले. आजारपणात फार कमी वेळा हसले. "सात म्हणजे झाडं वाचली," म्हणाले.

लायब्ररीतून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. त्या दिवशी पानावर होती ती अळी, नंतरचे काही दिवस खाण्याचे, मग माती, मग कोष. आल्तारावर बसलेला तो माझ्या 'हो'मधून आला होता. एकाही अळीला मी हात लावला नव्हता, म्हणून तो आला होता. माझं शिक्षण मला सांगत होतं की तो पप्पा नव्हता. पण त्याला काहीतरी विचारायचं होतं, हे खोटं कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुरपं घेऊन वाफ्यात उतरले. गॅलरीत कोण आहे ते पाहिलं नाही. वीतभर खोल एक रिकामं कवच सापडलं, तपकिरी, पाठीवर फाटलेलं. थोड्या अंतरावर दुसरं लागलं, जड. तळहातावर घेतलं तर त्याचं टोक गोल वळलं. आत कुणीतरी कूस बदलावी तसं. मी तो कोष मातीसकट बरणीत ठेवला, वरून एक काडी खोचली, तोंडाला फडकं बांधलं आणि आईसमोर आणून ठेवला. तिला सगळं सांगितलं. अंडं, अळी, माती. मग न थांबता बाकीचंही सांगितलं, कारण थांबले असते तर राहून गेलं असतं.

आईने बरणी जवळ ओढून आत पाहिलं. ती रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं.

"तू किती सांगितल्यास?"

"सात."

"मी पाच सांगितल्या."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. माझ्यानंतर दोन दिवसांनी पप्पांनी तिलाही पाठवलं होतं, परत एक हात फिरव म्हणून. ती गेली होती. "इतक्या भराभरा खात होत्या," ती म्हणाली. "आणि घरात यांच्या तोंडात पेजेचा चमचा जात नव्हता. ते खाणं बघून माझ्याने हात उचलवेना. आत येऊन पाच म्हटलं."

सात आणि पाच. पप्पांना ते दोन आकडे वेगवेगळे वाटले असतील, की त्यांनी बेरीज करून बारा वेचल्या असं धरलं असेल? त्यांना कळलं असेल का? वाडीतलं यांना कळायचं राहत नसे, आई म्हणाली. मग त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं का? नव्हतं. नुसतं बरं म्हणाले होते आणि कुशीवर वळले होते.

म्हणजे त्या खुर्चीवर बसून आई कशाची वाट बघत होती, ते मला तेव्हा कळलं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सर्व मृतांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत गेलो. आदल्या दिवसापासून कोष काळपट पडला होता, आणि कवचातून पंखांची नक्षी दिसायला लागली होती. मी आईला म्हटलं होतं, आज-उद्या येईल. पप्पांच्या कबरीवर अजून मातीच आहे. आम्ही झेंडूची फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या, फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. सगळीकडे ओळीने ज्योती हलत होत्या आणि लोक हळू आवाजात बोलत होते. मी मात्र कबरीच्या मातीकडे बघत होते. माती किती वेळ काय धरून ठेवते, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, आई म्हणाली, थांब. आल्तारावरच्या छोट्या दिव्याचा उजेड होता. बरणीवरच्या फडक्याला आतून काहीतरी घासत होतं.

आईने स्वतः गाठ सोडली. तो काडीवर चढून बसला होता, पंख पूर्ण ताणलेले, कोरे. फडक्याचा स्पर्श झाला तसे त्याने पंख वर उचलले आणि मागचे पिवळे पंख दिसले, मुळाशी मोठा काळा ठपका. दोन जातींपैकी थोरली. नाव मला मिळालं होतं. पाठीवरून तो चेहरा बघत होता. आणि तो ओरडला, पहिल्यासारखाच.

सोंडेतून हवा जाते. मला माहीत होतं.

आई बरणीवर वाकली आणि त्याला म्हणाली, "नाही वेचल्या हो. एकही नाही. पोरीनेही नाही, मीही नाही."

तो थरथरायला लागला. मी जाऊन खिडकी उघडली. मॅडमना मी पेटीसाठी हो म्हटलं होतं, ते मला तेव्हा आठवलंही नाही. तो आईच्या कानाजवळून, तिचे केस हलवत बाहेर गेला, वाफ्यांच्या दिशेला.

आईने खिडकी लावली नाही. पण त्या दिवशी ती खुर्चीवर बसली नाही. तिने दोन ताटं घेतली, मग सवयीने तिसरं घेतलं, आणि ते परत ठेवायचं की नाही या विचारात बराच वेळ हातात धरून उभी राहिली.