शेऱ्याचा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवरची पेशंटची माहिती ऑनलाइन चढवताना शेऱ्याचा रकाना मी मुद्दाम सोडला. बाई त्यात पेशंटचं बोलणं टिपून ठेवायच्या. ते सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये होतं, नव्या सिस्टिमला वाचता येईल असं बदलायला आठवडा गेला असता. जुनं मशीन भंगारात गेल्यावर शेरे कुठे गेले असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणालो, "तुमच्याच हातून पुसलं गेलं असेल."

आज मी कॉम्प्युटरच्या कामासाठी दवाखान्यात होतो, तेव्हा एक आजोबा कुरकुरले, "बायको गेल्याचं पुन्हा सांगू?"

"सांगा ना आजोबा. मीच पुसून बसले," बाई म्हणाल्या.

आजोबांनी दोन वाक्यांत आटोपलं. आपलं दुःख माणूस एकदाच मनापासून सांगतो, दुसऱ्यांदा नुसती माहिती पुरवतो, असं वाटत राहिलं.

बाईंनी काहीही पुसलं नव्हतं, ही कबुली मी त्यांना अजून देणं लागतो.